तळ्याचा रस्ता हा नव्हे

आमच्या अंगणातून तळ्याकडे रस्ता जात नाही. कधीच जात नव्हता. मोठ्या रस्त्यावरून एक कच्ची वाट डावीकडे वळते आणि थेट आमच्या स्वयंपाकघराच्या पायरीशी येऊन संपते. तळं टेकडीच्या पलीकडे. हे मला माहीत आहे, ह्यांना माहीत आहे, आमच्या कोंबड्यांनाही माहीत आहे. फक्त लोकांच्या फोनमधल्या नकाशाला माहीत नाही.

सुट्टीच्या दिवशी वीस-वीस गाड्या येतात. मी पायरीवर भांडी घासत बसलेली, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आणि समोर काच खाली होते. "काकू, तळं कुठे आहे?" तुमच्या डोक्यात आहे, असं अगदी ओठांवर येतं. तरी मी म्हणते, "मागे फिरा." मग ते मागे फिरतात, माझ्या मेथीच्या वाफ्यातून. मुलीने नकाशावाल्यांना दोनदा कळवलं. दोन्ही वेळा त्यांनी आभार मानले आणि गाड्या येतच राहिल्या.

हेही मी सहन केलं असतं. पण मागच्या वेळी नात अंगणात चिखल थापत बसली होती. सव्वा वर्षाची पोर, नुकती पावलं टाकायला लागलेली. एक पांढरी गाडी वळणावरून भरधाव आली आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. आत बसलेल्या बाईने आधी तळं विचारलं, मग पोर दिसल्यावर "अय्या" म्हणाली. मुलगी त्याच संध्याकाळी नातीला घेऊन गेली. ती नर्स आहे, एक तारखेपासून तिला कामावर रुजू व्हायचं होतं आणि पोर आमच्याकडे राहणार असं ठरलं होतं. जाताना म्हणाली, "आई, गाड्या बंद झाल्या तर ठेवीन. नाहीतर पाळणाघर." चूक तिची नव्हती, म्हणून राग कुणावर काढायचा तेही कळेना.

फाटक लावता येत नाही. शेजारच्या शेतवाल्याचा ट्रॅक्टर आमच्याच वाटेने येऊन मधूनच त्याच्या शेतात वळतो, आणि दर खेपेला खाली उतरून फाटक उघडण्याइतका तो गृहस्थ भला नाही. साखळी लावून पाहिली, तर ती त्याने सोडून झुडपात फेकली.

"पाटी लावतो," हे म्हणाले.

आता ह्यांच्याविषयी सांगायला हवं. आमचे हे पेंटर. चाळीस वर्षं ह्यांनी दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या पाट्या रंगवल्या. छापील बोर्ड आले, काम आटलं, तेव्हा शहरातला गाशा गुंडाळून आम्ही इथे आलो. माणूस स्वभावाने गरीब, पण अक्षराच्या बाबतीत महाहट्टी. एका शिंप्याच्या पाटीवरचा एक काना केसभर कलला, तर सगळी पाटी खरवडून पुन्हा रंगवली. शिंपी बिचारा हात जोडून सांगत होता की मला दिसत नाही हो. माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. मी वाण्याची यादी लिहून दिली की हे आधी ती दुसऱ्या कागदावर सुवाच्य उतरवायचे, मगच दुकानात न्यायचे. नव्या नवरीला काय वाटलं असेल, याचा विचार नाही.

अलीकडे त्यांचा उजवा हात कापतो. चहाचा कप बशीत वाजतो. विचारलं तर म्हणतात, "कप हलका आहे."

तर पाटीला अकरा दिवस लागले. मनगटाखाली टेकायची काठी पूर्वी मोठ्या कामालाच बाहेर निघायची, आता ती सुटतच नव्हती. पाटी झाली मात्र अशी की बघत राहावं. पिवळी जमीन, गडद निळी अक्षरं, त्यांना लाल सावली, चारी कोपऱ्यांत वेलबुट्टी. 'खासगी वाट. प्रवेश नाही.'

"अहो, लोकांना हाकलायचंय की बोलवायचंय?"

"अगं, अक्षर नीट असलं की माणूस ऐकतो."

पुढच्या रविवारी तीस गाड्या आल्या. लोक वळणावर उतरून पाटीशेजारी उभे राहून फोटो काढत होते. एकाने खोली मिळेल का विचारलं. एक बाई पायरीपर्यंत आली आणि जेवणात काय काय आहे म्हणाली. एवढी देखणी पाटी लावणारा माणूस खरंच नको म्हणत असेल, यावर कुणाचा विश्वास बसेना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांनी काय करावं? दुसरी पाटी रंगवली. आणखी मोठी, आणखी सुंदर. मी कपाळावर हात मारून घेतला.

मुलीचा फोन आला. "आई, पाळणाघरात नाव घालू ना?"

"आठ दिवस थांब," म्हटलं, आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा पत्रा उचकटला. छपराला लावून उरलेलं डांबर होतं. काठीला चिंधी गुंडाळली आणि ओढलं. 'पुढे रस्ता नाही. मागे फिरा.' शेवटी जागा पुरली नाही, म्हणून 'फिरा' वर चढवलं. ह्यांच्या पाट्यांच्या पुढ्यात पत्रा ठोकला आणि रविवारी पायरीवर बसून पाहिलं. गाडी यायची, थांबायची, मागे वळायची. दिवसभरात अंगणात दोनच आल्या.

"ही पाटी आहे?" ह्यांनी विचारलं.

"नसू दे. गाड्या वळतात."

त्यांनी आपल्या दोन्ही पाट्या काढून आणल्या आणि पलंगामागे भिंतीकडे तोंड करून ठेवल्या. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी जिंकले होते आणि मला अजिबात आनंद होत नव्हता. मुलीला मात्र कळवून टाकलं, शनिवारी पोरीला घेऊन ये.

आणि गुरुवारी त्या ट्रॅक्टरवाल्याने औत वळवताना पत्रा फाडून पार बांधापर्यंत फरफटत नेला. उतरून पाहिलंसुद्धा नाही. डांबर संपलेलं. मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत उभी, तेवढ्यात मागून आवाज आला. "ओरडू नको. मी करतो." ह्यांनी एक फळी काखेत मारली आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

शुक्रवारी दुपारी मी चहा घेऊन गेले. फळीवर पांढऱ्यावर काळी अक्षरं होती. वेलबुट्टी नाही, सावली नाही. 'रस्ता' एका बाजूला कललेला, 'नाही' घसरलेलं, आणि 'फिरा' वर चढलेलं. मला इतकं हसू फुटलं की चहा बशीत सांडला.

"अहो, हुबेहूब माझंच अक्षर! जमलं की तुम्हाला!"

ते ब्रश पुसत राहिले.

"नक्कल नाही केली गं," ते म्हणाले. "सरळच काढत होतो."

तेव्हा मला दिसलं. अक्षरांच्या वर दोरीने मारलेली खडूची रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. मनगटाखाली टेकायची काठीही जमिनीवर पडली होती. इतकी वर्षं मी ह्या माणसाच्या सरळ रेघेवर वैतागले होते, आणि आता ती परत यावी म्हणून मी काहीही केलं असतं.

चहा निवेपर्यंत मी शेजारी बसून राहिले.

"लावू?" मी विचारलं.

"लाव. उद्या पोर येतेय."

शनिवारी सकाळपासून गाड्या वळणावरूनच परत जात होत्या. आत आली ती फक्त मुलीची. नात उतरली ती तडक अंगणातल्या चिखलाकडे, आणि हे तिच्यामागे. मुलगी सामान काढता काढता हसून म्हणाली, "आई, वळणावरची पाटी तू लिहिलीस ना? अक्षर लगेच ओळखलं मी."

ह्यांनी तिकडून माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हटलं. "मीच."