अध्यक्षांना वाढलेल्या शेजवान नूडल्स

भोपाळच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीचं स्वयंपाकघर सांभाळायला लायक व्यक्ती एकच आहे, ती म्हणजे मी. हे मंडळात फक्त मलाच माहीत होतं.

दरवर्षी ते काम शोभाताईंकडे जायचं. शोभाताई मीठ अंदाजाने घालतात! दीडशे पानांचा स्वयंपाक, आणि हातात ना यादी, ना घड्याळ. यंदा निर्णय अध्यक्ष दामलेकाका घेणार होते. म्हणून रविवारी मी काकांना जेवायला बोलावलं. शोभाताईंनाही बोलावलं. (हरणाऱ्याने समोर असावं.)

बेत ठरवला अस्सल शेजवान नूडल्सचा. एम. पी. नगरच्या गाड्यांवर त्या नावाने जे विकतात, तो लाल रंगात बुडवलेला कोबी असतो. खऱ्या कृतीत एक चिनी मिरी लागते. तिचं नाव टी. टी. नगरच्या बाजारात कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. पण फोटो बघितला आणि मी ओळखलं, हे तर आपल्या तिरफळाचं भावंड! मालवणच्या मावशीने पाठवलेली बरणीभर तिरफळं घरात होतीच.

बांगड्याच्या आमटीत तिरफळं चार-पाच, तीही अख्खी टाकतात आणि खाताना बाजूला काढतात. पण कृतीत लिहिलं होतं, दोन माणसांना दोन चमचे पूड. आम्ही चौघं, म्हणून चार. अध्यक्षांच्या मानाचा एक जास्त. बिया काढायच्या असतात, पण वेळापत्रकात त्याला जागा नव्हती. सगळं मिक्सरमध्ये!

"अगं, जरा चाखून तरी बघ," आमचे हे म्हणाले.

"चाखून बघतात ते अंदाजाने रांधणारे!"

बारा चाळीसला, ठरल्याप्रमाणे, सुक्या मिरच्यांवर कडकडीत तेल ओतलं. बारा एक्केचाळीसला हे बाल्कनीत खोकत होते, आणि वरच्या मजल्यावरून मिश्राजी ओरडत होते, "भाभीजी, सब ठीक है ना? हमारी बिल्ली पलंग के नीचे से निकल ही नहीं रही!"

मांजरांना काय कळतंय!

एक वाजता पानं वाढली. दामलेकाका म्हणजे बोलायला लागले की थांबवायला माणूस पाठवावा लागतो. पहिल्या घासाला म्हणाले, "वा! झणझणीत!" दुसऱ्या घासाला गप्प झाले. तिसऱ्याला त्यांनी तोंडात बोट घालून कवळी जागेवर आहे का ते तपासलं.

"काका, काय झालं?"

"ओठ," काका कसेबसे म्हणाले, "आहेत का माझे?"

ह्यांनी घाईने ताक तोंडाला लावलं. निम्मं हनुवटीवरून शर्टात गेलं, आणि ह्यांना पत्ताच नाही! मी म्हणणार होते, "अस्सल चव अशीच असते." पण माझ्या तोंडून निघालं ते "अफफल" असं काहीतरी. दाताच्या डॉक्टरने चौघांना एकदम सुई टोचली असती, तरी इतकी बधिरता आली नसती.

चौघांना नाही, तिघांना. शोभाताईंनी एक शेवई जिभेला लावून ताट बाजूला सारलं होतं.

"कुकर कुठंय गं तुझा?"

मी बोटाने दाखवला. पंचवीस मिनिटांत त्यांनी माझ्याच स्वयंपाकघरात मऊ भात केला, दही कालवलं, वर तुपाची फोडणी दिली आणि मीठ घातलं. चिमटीने! अंदाजाने!

भात उत्तम झाला होता. बधिर जिभेलाही ते कळलं, हा त्यातला खरा अपमान.

काकांना बोलता येईना. त्यांनी माझ्याच वेळापत्रकाच्या वहीतलं एक पान फाडून निकाल लिहिला : "स्वयंपाकघर शोभाताईंकडे. तुम्ही चपलांच्या स्टँडवर. तिथे शिस्तीची गरज आहे. मान्य?"

माझ्याकडे हरकतीचे सात मुद्दे तयार होते. पण जीभ हलेना, आणि शोभाताई समोर भाताचं पातेलं धरून विचारत होत्या, "अजून वाढू?"

मी मान डोलावली. काकांनी लगेच लिहिलं, "एकमताने मंजूर."