न दाखवलेल्या प्रकरणावरचा ठिपका

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय... पण लिहितो.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती तेव्हाची गोष्ट. आम्ही करी रोडच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर राहायचो. मी तत्त्वज्ञानाचा हंगामी लेक्चरर. पीएचडी झाली तरच नोकरी टिकणार होती. माझे गाइड दादरला राहत. त्यांची तपासायची पद्धत विचित्र — युक्तिवाद जिथे लंगडा, तिथे समासात निळ्या पेन्सिलीचा एक ठिपका. बाकी एक अक्षर नाही. चूक आपली आपण शोधायची. त्या ठिपक्यांनी माझा पार जीव खाल्ला होता.

शेवटचं प्रकरण मी स्वच्छ लिहून काढलं, ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं आणि दुसऱ्याच दिवशी संचारबंदी लागली. सरांना दाखवायचं राहून गेलं. बंदी उठली तेव्हा मुदत इतकी जवळ आली होती, की कागद थेट गिरगावातल्या टायपिस्टकडेच न्यावे लागणार होते. निघताना सहज पानं चाळली... सातव्या पानाच्या समासात निळा ठिपका.

"गे आये, ट्रंकेक कोणी हात लावल्यान काय?"

"कोण लावतलो? चावी माझ्या कमरेक आसा. आणि तुझा ता इंग्रजी हंय कोणाक कळता?"

घरात निळी पेन्सिलही नव्हती. ठिपक्यासमोरचं माझं म्हणणं असं होतं — ज्याचा खुलासा देता येत नाही, ते घडलंच नाही असं धरावं. तासभर डोकं खाजवल्यावर भोक दिसलं. खुलासा नसणं हा फक्त आपल्या अज्ञानाचा पुरावा! पान नव्याने लिहिलं. पुढे तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं, आणि मी तरलो.

जुनं पान घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी ते खिडकीशी धरून बराच वेळ पाहिलं.

"ठिपका माझ्यासारखाच आहे," ते म्हणाले. "मी इथेच दिला असता. पण राणे, हे पान मी आज पहिल्यांदा बघतोय."

मला भीती नाही वाटली, नुसतं कुतूहल वाटलं. ते अजून गेलेलं नाही. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात 'सर्व प्रकरणं तपासून दिल्याबद्दल' सरांचे आभार छापलेले आहेत. ते वाक्य खरं की खोटं, हे तर्कशास्त्राचा मास्तर असूनही मला आजवर सांगता आलेलं नाही.