पहिला नकार

माझा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी लातूरजवळचं आमचं रेणापूर सोडून समुद्राकडे गेला आणि बोटींची इंजिनं दुरुस्त करायला शिकला. आता त्याची स्वतःची छोटी बोट आहे. जाळं नाही, मासेमारी नाही. पाने, पकडी, ग्रीसचे डबे आणि एक स्टोव्ह एवढं घेऊन तो दिवाळीनंतर हर्णैहून निघतो आणि बंदराबंदरांत थांबत, लोकांची बिघडलेली इंजिनं उघडत, मालवणपर्यंत जातो. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची सोय त्यानं कधी ठेवली नाही.

माझी बायको गेली त्याला गेल्या दिवाळीत दीड वर्ष झालं होतं. शाळेतल्या कारकुनीतून मी आधीच निवृत्त झालो होतो. मुलगी नांदेडला दिलेली. चांगली आहे, जावईही सज्जन आहे. पण लेकीच्या घरी चार दिवस गोड, पाचव्या दिवशी आपणच पिशवी शोधायला लागतो. लातूरच्या घरात मी एकटा. सकाळी चहा केला की सवयीनं दोन कप काढायचो आणि मग एक परत ठेवायचो. अशात भावाचा फोन आला, “दादा, यंदा ये की माझ्यासंगं. पंधरा दिवस फिरू.”

खरं सांगायचं तर मी फिरायला गेलो नाही. भावानं आपल्याला “इथंच राहा” म्हणावं, एवढ्या एका आशेवर मी गेलो. आपण होऊन म्हणणं शक्य नव्हतं. थोरल्यानं धाकट्यापुढे तोंड वेंगाडायचं नसतं, अशा घरात आम्ही वाढलो.

पिशवीत ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि दोन स्वेटर घेतले होते. पंधरा दिवसांना दोन स्वेटर कशाला, हे भावानं विचारलं नाही.

पहिले दोन दिवस माझे पोट धरण्यात गेले. हर्णैहून दाभोळपर्यंत समुद्र कसा होता ते मला विचारू नका. मी बोटीचा कठडा फार बारकाईनं पाहिला. भाऊ सुकाणूवर उभा, शीळ घालत. आम्ही लातूरकडचे लोक, पाण्याचा टँकर दिसला तरी हरखणारे, आणि हा पठ्ठ्या अंगणात उभा असल्यासारखा त्या पाण्यावर उभा. कौतुक वाटलं. थोडा रागही आला, कारण तो तिथं फारच सुखात दिसत होता.

बंदरात लागलो की तो हत्यारांची पिशवी घेऊन उतरायचा. कुणाच्या तरी बोटीच्या पोटात शिरायचा तो दोन-तीन तासांनी काळ्या हातांनी बाहेर यायचा. मी धक्क्यावर बसून माणसं बघायचो. जाळी विणणारे, बर्फाच्या लाद्या फोडणारे, टोपल्या डोक्यावर घेऊन भांडणाऱ्या बाया. सगळे त्याला नावानं हाक मारायचे. मला कुणी विचारलं तर तो लांबूनच ओरडून सांगायचा, “थोरले बंधू! लातूरहून आलेत!” लोक हसून मान डोलवायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. इतक्या माणसांत इतकं एकटं मला लातूरच्या रिकाम्या घरातही वाटलं नव्हतं.

जयगडला मी एक पराक्रम केला. पहाटे भाऊ कामाला गेला आणि मला धक्क्यावरचा नळ चालू दिसला. मी काय करावं? बोटीवरचं पिण्याच्या पाण्याचं पिंप, अर्ध्याहून जास्त भरलेलं, समुद्रात उपडं केलं. ताजं पाणी आलं की शिळं ओतून द्यायचं, ही आमच्याकडची रीत. पाण्यावाचून दहा दहा दिवस काढू, पण नळ आला की आधी शिळं पाणी मोरीत. शहाणपण विचारू नये. मी घासूनपुसून पिंप नळाखाली लावलं, तळाशी चार बोटं पाणी पडलं आणि नळ गेला. पाणी संध्याकाळपर्यंत परत आलं नाही.

काम आटोपून भाऊ आला, पिंपात डोकावला. “पाणी कुठं गेलं?”

“सांडलं. शिळं होतं.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “पाणी कधी शिळं होतं का रे दादा?”

तो चिडला असता तर बरं झालं असतं. पण त्याला खरोखरच कळलं नव्हतं. लहानपणी रोज सकाळी आईबरोबर रांजण रिकामा करणारा हाच. शेजारच्या बोटीवरून तो दोन कळशा मागून घेऊन आला, त्यांना हसत हसत माझी गोष्ट सांगितली आणि विसरूनही गेला. मला मात्र दिवसभर काही गोड लागलं नाही. माझ्या हातची भाकरी त्यानं आवडीनं घेतली, अर्धीच खाल्ली आणि मग भाताचं पातेलं ओढलं.

रत्नागिरी झाली, विजयदुर्ग आलं. दुपारची वेळ होती. किल्ल्याच्या तटाखाली बोट उभी होती आणि भाऊ रॉकेलच्या फडक्यानं हात पुसत होता. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “दादा, तिथं तू एकटाच. इथं मी एकटाच. राहा की माझ्यासंगं. जागा हाय.”

ज्यासाठी आलो होतो ते अगदी समोर आलं होतं.

मी म्हणालो, “छ्या! नको नको. उगं तुला तरास. तिकडं घर हाय माझं.”

आता हे मी का म्हणालो, ते रेणापुरात कुणालाही सांगावं लागणार नाही. आमच्यात पहिला नकार हा नकार नसतो. चहा विचारला की “आत्ताच झाला” म्हणायचं, घशाला कोरड का पडलेली असेना. मग समोरच्यानं “असं कसं?” म्हणायचं, आपण पुन्हा “नको” म्हणायचं, त्यानं हाताला धरून बसवायचं, आणि मग आपण त्याच्यावर उपकार केल्यासारखा चहा प्यायचा. पहिल्या विचारण्यालाच हो म्हणणारा माणूस हावरा. म्हणून मी अगदी निश्चिंत मनानं नाही म्हणालो आणि दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसलो.

“बरं,” भाऊ म्हणाला. उठला आणि नांगर ओढायला लागला.

मला वाटलं, देवगडला विचारेल. देवगडला त्यानं मला आंबोळी खाऊ घातली. मी विषय काढला, “थंडीत घर लई खायला उठतं बघ.” तो म्हणाला, “टीव्ही लावून ठेवत जा.” मालवणच्या अलीकडे मी पुन्हा म्हणालो, “ही बोटीवरची हवा मानवली मला.” तो म्हणाला, “चांगलं झालं की मग. पुढच्या साली ये परत.” अजून किती वाकायचं माणसानं?

मालवणच्या स्टँडवर त्यानं कोकमाची पिशवी माझ्या हातात दिली. खिडकीजवळ उभा राहून म्हणाला, “पोचलास की फोन कर.” बस हलली तरी मला वाटत होतं, हा आता दार उघडून वर येईल आणि हाताला धरून खाली उतरवेल.

लातूरला शेजारच्या गाद्यावाल्या चाचांनी विचारलं, “आले का तुम्ही? आम्ही म्हटलं, तिकडंच राहून गेले.”

“भाऊ लई मागं लागला होता,” मी म्हणालो. “मीच नको म्हटलं.”

“लो! मंग राहायचं ना!” चाचा म्हणाले आणि पिंजलेला कापूस खोळीत भरत राहिले.

संक्रांत झाल्यावर भावाचा फोन आला. तब्येत विचारून झाली. मग म्हणाला, “दादा, बोटीवर एक माणूस ठेवलाय मी सोबतीला. रत्नागिरीचा हाय, बायको गेलेली. एकटं व्हत न्हाई आता.” मग त्यानं विचारलं, “तुला खरंच ऱ्हायचं नव्हतं न्हवं?”

हे त्याचं दुसऱ्यांदा विचारणं होतं.

“छ्या,” मी म्हणालो. “मला कुठं जमतंय ते.”

“मला वाटलंच,” भाऊ म्हणाला, आणि त्या नव्या माणसाला भात चांगला जमतो, असं सांगायला लागला.