आकडा मोठ्यानं बोलायचा

तार शाळेत आली. आमच्या दिवाळे गावात इंग्रजी वाचणारा मी एकटा मास्तर, म्हणून पोस्टमन कुणाचीही तार माझ्याच हातात कोंबतो. दामू ज्या विमानावर सहवैमानिक होता, ते रात्री उतरताना धावपट्टीच्या अलीकडे शेतात आदळलं होतं. कुणीही वाचलं नव्हतं. तो कागद घेऊन मी पांडू तांडेलाच्या, म्हणजे दामूच्या बापाच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. तो जाळं सांधत होता. माझ्या तोंडाकडे बघून त्यानंच विचारलं, "गेला का?" मी नुसती मान हलवली... याला सव्वा महिना झाला.

दामू आणि मी एका वयाचे. मला पाण्याची भीती, तो बापाच्या होडीत नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर. ओहोटीला खाडीत शिरायचं तर गाळ रोज जागा बदलतो. त्यामुळे सुकाणूवर तांडेल आणि पुढं काठी बुडवून पाणी किती हात ते ओरडून सांगणारा एक, ही आमच्याकडची रीत. तांडेलाला खाडी पाठ असली तरी ओरडायचं. एका संध्याकाळी समोर बंदराची बत्ती लख्ख दिसत होती. बाबाला दिसतंय की सगळं, असं वाटून दामू गप्प बसला, आणि होडी भरती येईपर्यंत गाळात रुतून राहिली. तांडेलानं मारलं नाही. एवढंच म्हणाला, "बत्ती दिसली म्हनून पानी कललं का? मला दिसतंय तरी तू बोल."

तोच दामू पुढं शिष्यवृत्तीवर विमान शिकला. गाव अजूनही म्हणतं, कोळ्याच्या पोरानं आभाळात होडी घातली.

गेल्या शिमग्याला आला, तेव्हा धक्क्यावर बसून तो मला सांगत होता. धुकं बरं, म्हणाला, धुक्यात सगळे उंचीच्या काट्याकडे बघतात. घात करते ती स्वच्छ रात्र. समोर धावपट्टीचे दिवे, मधे सगळा मिट्ट काळोख. डोळ्याला वाटतं आपण अजून खूप वर आहोत, आणि माणूस विमान खाली खाली आणत राहतो. एकदा काटा भलताच खाली गेलेला त्यानं पाहिला होता. पण कॅप्टन केस पिकलेला, बोलायचं कसं? चाकांखालून झाडांचे शेंडे गेले, थोडक्यात निभावलं. आता त्यानं ठरवलं होतं, उतरताना उंचीचा आकडा आपण मोठ्यानं बोलत जायचं. कॅप्टन रागावला तरी.

आणि मी शहाणा! चार बुकं शिकलेला! मी म्हणालो, "मोठ्या माणसाच्या तोंडाला लागू नये. दोन वर्षं कळ काढ, तूही कॅप्टन होशील."

तो हसला. "बरं, मास्तर," म्हणाला.

ते 'बरं' मला जेवू देत नाही. चौकशीचे साहेब येऊन सांगून गेले, आभाळ निरभ्र होतं, यंत्रात बिघाड नव्हता. विमानात बोलणं टिपणारं यंत्र नव्हतं, त्यामुळे दामू आणि कॅप्टनमध्ये शेवटी काय बोलणं झालं, ते कुणालाच कळणार नाही. दामू बोलला असेल आणि कॅप्टननं ऐकलं नसेल... किंवा त्यानं माझंच ऐकलं असेल. कुणाला विचारू? तांडेलानं मला एकच विचारलं होतं, "आकडा कोन बोलत व्हता?" मी म्हणालो, ठाऊक नाही. शिमग्याचं बोलणं माझ्या तोंडातून निघालंच नाही.

परवा रविवारी नाळेवर बसायला कुणी नव्हतं, म्हणून तांडेलानं मला होडीत घेतलं. मला नाही म्हणवेना. काठीवर हाताहातावर दामूनं लहानपणी पाडलेल्या खाचा अजून आहेत, बोटांना लागतात. बंदराची बत्ती समोर स्वच्छ दिसत होती. मी काठी बुडवली. पाणी दोन हात होतं. मी ते म्हणालोही, पण माझं मलाच ऐकू आलं नाही.

मागून तांडेल म्हणाला, "आयकू नाय आला, मास्तर. मोठ्यानं बोल."