यमुनेचं बाळंतपण

"शिष्टरबाई, लवकर चला! यमुना अडली. सकाळपासून कळा देऊन राह्यली!"

शेजारच्या गावातले लक्ष्मणभाऊ चर्चच्या दारातून ओरडले, तेव्हा मी बायबलमधला धडा वाचायला उभी राहत होते. अंगावर रविवारची पांढरीशुभ्र साडी. १९५५-५६ची गोष्ट. नागभीडकडच्या जंगलात मिशनच्या दवाखान्यात मी नर्स होते. पाद्रीसाहेबांनी मानेनेच 'जा' म्हटलं. बॅग उचलून मी बैलगाडीत बसले.

"कितवी खेप, भाऊ?"

"तिसरी."

"काही खाल्लं का?"

"नाई जी. तोंडच लावत नाई."

गाडी थेट गोठ्यापुढे थांबली. यमुनेनं माझ्याकडे शिंगं वळवली.

"भाऊ, ही म्हैस आहे!"

"मंग? बाळंतपण तं बाळंतपणच हाय. ढोरांचा डाक्टर तिकडं दूर चांद्याले बसते."

मी रागानं परत निघाले. तेवढ्यात त्यांची म्हातारी आई म्हणाली, "बाई, सून बाळंतपणात गेली. नातीनले हिच्याच दुधावर जगवलं."

मी पदर खोचला.

म्हशीच्या पिल्लाचे आधी पुढचे दोन पाय यावे लागतात, हे म्हातारीनंच सांगितलं. इथे एकच दिसत होता. दुसरा आत दुमडलेला. हाताला तेल चोळलं आणि सवयीप्रमाणे प्रार्थना सुरू केली, "प्रभू, या आईला आणि तिच्या लेकराला सांभाळ." दहा वर्षं प्रत्येक खाटेशी हेच म्हणत होते, मन मात्र गरम पाण्यात, नाहीतर कात्रीत. त्या दिवशी पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. म्हणून शब्द न् शब्द मनापासून म्हटला.

"लंबी नोको करू बाई," म्हातारी म्हणाली. "आमीन म्हन अन् हात घाल."

खांद्यापर्यंत हात घातला. पिल्लू मागे ढकललं, खूर मुठीत धरून पाय सरळ केला. यमुनेनं मला दोनदा भिंतीवर दाबलं. मग आम्ही तिघांनी ओढलं आणि वगार, यमुनेची लेक, माझ्या मांडीवर येऊन पडली. शिंकली ती थेट माझ्या तोंडावर. म्हातारी रडली. मीही रडले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यापुढे दोन म्हशी आणि एक शेळी बांधलेली. शिष्टरबाईच्या प्रार्थनेनं अडलेलं ढोर सुटते, अशी बातमी पसरली होती.

"सिस्टर, हे पेशंट कोणाचे?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझेच, सर."

"मग शेळी आधी घ्या. ती माझी फाईल खाते आहे."

प्रार्थना मनापासूनच करावी. फक्त गाडीत बसण्याआधी पेशंटला शिंगं आहेत का, तेवढं विचारून घ्यावं.