वास्तू ऐकत असते

आमच्या घरात काही वाक्यं बोलायचीच नाहीत, असा मावशीचा कायदा होता. 'घरात काही नाही', 'मेले मी', 'आता कोण राहिलंय' यांतलं काही तोंडातून निघालं की ती हातातलं काम टाकून ओरडायची, "गप! वास्तू तथास्तु बोलते." ही वास्तू बसते कुठे, तिला कान कुठे असतात, असं मी लहानपणी पुष्कळदा विचारलं. उत्तरादाखल धपाटा मिळायचा.

मी रांगत असताना आई गेली आणि आईच्या या बहिणीनं मला वाढवलं. तिला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. तिचा नवरा उरणच्या वाटेवरच्या मिठागरात राबायचा. मिठागरं बुजवली तेव्हा मोबदला मिळाला तो जमिनीच्या मालकांना. मीठ ओढणाऱ्याचं काय गेलं होतं, की त्याला मोबदला द्यायचा? तो खचला आणि पुढे फार जगला नाही. मग गुडघे चालले तोवर मावशीनं पनवेलच्या बाजारात सुकट-बोंबील विकले. मी मोठा होऊन एका कंटेनर यार्डात ठेकेदाराकडे लागलो. ठेकेदार बदलला की आमची नोकरी जायची. नवा ठेकेदार कधी परत घ्यायचा, कधी नाही. अशाच एका बसून काढलेल्या पावसाळ्यात शेजारणीनं निराधार पेन्शनचं सुचवलं.

मी मावशीला हाताला धरून तहसील कचेरीत नेलं. दाराशी लोकांना मदत करणारा एक एजंट होता. तो मला म्हणाला, "तुम्ही बाहेरच थांबा. सोबत तरणाताठा माणूस दिसला तर त्या निराधार कशा?" भाचा म्हणजे कायद्यानं कोणीच नाही, पण त्या कोणीच नसलेल्यानं डोळ्यांपुढे येऊ नये, एवढंच. मी बाहेर थांबलो. दार उघडं होतं. आतल्या साहेबांनी विचारलं, "आजी, तुम्हाला कोण आहे?"

मावशीनं वळून उघड्या दारातून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा विचारलं.

"कोनी नाय मना," ती म्हणाली.

साहेब काही वाईट नव्हते. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, प्यायला पाणी दिलं. पण घरात तांदळाचा दाणा नसतानाही जिनं कधी 'तांदूळ संपले' म्हटलं नाही, तिला दोन घासांसाठी पोटच्यासारख्या पोरावर पाणी सोडावं लागलं. मला त्या साहेबांचा नाही, ज्यानं कुणी हा प्रश्न तयार केला त्याचा राग आला. तो अजून गेलेला नाही.

घरी आल्यावर तिनं मला उंबऱ्याबाहेरच उभं केलं आणि मूठभर मीठ माझ्यावरून उतरवलं. "मी तसं मनापासून नाय बोलले," असं ती पुटपुटत होती. ते मला नव्हतं, भिंतीला होतं.

त्या दिवसापासून भीती आमच्या घरात राहायला आली. मी कामावर निघालो की मावशी माझं मनगट धरायची, जरा वेळ तसंच धरून ठेवायची. यायला उशीर झाला की जिन्यात येऊन बसायची. पेन्शन सुरू झाली, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यातून येऊ लागल्या. पण दरवर्षी चौकशीला जायचं आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. त्याच्या आदल्या दिवशी ती जेवत नसे.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त अधिकारी राहतात. सज्जन माणूस, मावशीला जिना चढताना हात देणारे. पण विषय निघाला की म्हणायचे, "सरकार असं सगळ्यांना फुकट द्यायला लागलं तर लोक आळशी होतील हो." मी एकदा म्हटलं, "काका, तुम्हालाही दरवर्षी पेन्शनसाठी दाखला द्यावाच लागतो ना?" तर म्हणाले, "तो हयातीचा. आणि माझी पेन्शन हक्काची आहे." खरंच होतं ते. त्यांना जिवंत असल्याचं दाखवावं लागायचं, मावशीला एकटी असल्याचं. मला विचाराल तर हक्क आणि दया यांत फरक असेल तो एवढाच.

मग एका सकाळी पळस्प्याच्या फाट्यावर एका ट्रेलरनं माझ्या मोटरसायकलला धक्का दिला. पाय मोडला, जीव वाचला. मी शुद्धीवर आलो तेव्हा मावशी पायाशी बसली होती. रडत नव्हती. "ऐकलान तिनं," एवढंच म्हणाली.

त्या वर्षी ती चौकशीला गेली नाही. मी समजावलं, चिडलो, प्लास्टरचा पाय आपटून ओरडलो. ती म्हणाली, "पैशे नको. तू हायस ना?" पेन्शन बंद झाली. मला परत काम मिळाल्यावर मी तिच्या गोळ्या आणायचो आणि ती मुकाट्यानं घ्यायची, असं मला वाटत होतं. ती एक दिवसाआड घेत होती. माझ्या पायाचा खर्च भरून निघावा म्हणून. हे डॉक्टरांनी तिच्याकडून काढून घेतलं आणि मला सांगितलं, तिला अर्धांगाचा झटका येऊन सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा.

तिथेही खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "पेशंटचं कोण?" मी बोलणार इतक्यात स्ट्रेचरवरून वाकड्या झालेल्या तोंडानं मावशीच म्हणाली, "पोरगा हाय. माजा पोरगा हाय." बाईंनी लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

आता या घरात मी एकटाच असतो. वरचे काका म्हणतात, लग्न कर. यार्डात पुन्हा नवा ठेकेदार येणार असं ऐकतो. म्हातारपणी मलाही कुणी खुर्ची देऊन तोच प्रश्न विचारील, आणि तेव्हा माझं उत्तर सोळा आणे खरं असेल. हे मी इथे लिहितो आहे, मोठ्यानं म्हणत नाही. संध्याकाळी कुलूप उघडलं की आत अंधार असतो, कुठूनतरी सुकटीचा वास येतो. मी चपला काढतो आणि वास्तूला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "मावशे, आलो गं."