दिसून राह्यलं का?

मार्च सरता सरता नागपुरात कूलर बाहेर निघतात. परवा आमचाही लागला आणि ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला. समोर टीव्हीवर कुठल्याशा दूरदेशीचं तळं चाललं होतं, थेंबन् थेंब दिसेल इतकं स्वच्छ. पाहता पाहता अंबाझरी तलावाचा बांध आठवला, आणि तो आठवला की मला बाबा हवेसे वाटतात. त्याला इलाज नाही.

बाबा घरात फारसे बोलत नसत. कचेरीतून आले, चहा झाला, की म्हणायचे, "येतं का वं?" आम्ही दोघं पायीच बांधावर जायचो. पाण्याकडे तोंड करून बसलं की त्यांची जीभ सुटायची. रामटेककडचं लहानपण, धानाची शेतं, अकाली गेलेला धाकटा भाऊ. अर्धी राहिलेली गोष्ट दुसऱ्या संध्याकाळी पुढे चालायची.

ऐंशीनंतर कधीतरी घरात टीव्ही आला, मोहल्ल्यातला पहिला. रोज कोणी ना कोणी बघायला यायचं. रविवारी सिनेमाला तर खोलीत पाय ठेवायला जागा नसे. आई संध्याकाळी स्वस्थ बसलेली मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली, तिच्या सुखाला नावं कशी ठेवू? पण आमचा बांध सुटला. "लोकं येऊन राह्यले, आपण कसं जायचं?" बाबा म्हणायचे. मला त्या खोक्याचा भारी राग यायचा, बाबांचाही यायचा. शेजारी बसून आम्ही एकाच पडद्याकडे बघत राहायचो. बांधावर तरी एकमेकांकडे कुठे बघायचो म्हणा. पण तिथे मध्येच कोणी बोललं तर पाण्याची हरकत नसायची.

एका रविवारी ऐन सिनेमात पडद्यावर मुंग्या आल्या. बाबा अँटेना फिरवायला गच्चीवर गेले. खालचं वर सांगायला मी जिन्यात उभी.

"दिसून राह्यलं का वं?"

"हो बाबा, साफ दिसून राह्यलं."

"किती हायेत?"

मला काही कळेना. वर गेले तर ते अँटेनाचा दांडा धरून पश्चिमेकडे बघत उभे. बगळ्यांची लांबलचक रांग अंबाझरीकडे निघाली होती.

"मी बगळ्याइचं विचारून राह्यलो," म्हणाले आणि स्वतःशीच हसले. मग कठड्यावर बसले, जरा सरकून मला जागा केली, आणि भावाची गोष्ट जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू झाली. मला रडूच आलं. त्यांनी ते पाहिलं नाही, किंवा पाहूनही गोष्ट तशीच पुढे नेली.

पुढे दर रविवारी सिनेमा रंगात आला की बाबांना पडद्यावर मुंग्या दिसायच्या. इतर कुणाला दिसत नसत. "साफ तर दिसून राह्यलं," शेजारच्या काकू म्हणायच्या. बाबा तोवर जिन्यात पोचलेले. आई पडद्यावरची नजर न हलवता मला म्हणायची, "जाय वं, त्याहिले मदत कर."

त्या काळातला एकही सिनेमा मला धड आठवत नाही. आता आई-बाबा दोघंही नाहीत. आई सिनेमात अगदी बुडून गेलेली असते, असं मला तेव्हा वाटायचं.